दादाने धरलेली मनगटे

मरणाच्या दाढेतून माणूस परत आला की सारे त्याचा श्वास मोजतात. त्याच्या मनाने तिकडून काय आणले, हे कोणी विचारीत नाही. परांचीवरून कोसळलेला तो वेल्डर अतिदक्षता विभागातून जिवंत घरी आला, त्याला आता वर्ष होत आले होते. फासळ्या सांधल्या, पाऊल जमिनीवर टेकू लागले. परंतु थोरल्या भावाची चाहूल लागताच तो भिंतीकडे तोंड फिरवी.

कारण शुद्धी आणि बेशुद्धी यांच्या सीमेवर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते: आपल्या घशात नळी खुपसलेली आहे, आणि दादा आपली दोन्ही मनगटे गादीवर दाबून धरीत आहे. ज्याने खांद्यावर बसवून वाढवले, तोच जिवावर उठला! हे शल्य त्याने बायकोलाही सांगितले नाही. केवळ वेगळ्या बिऱ्हाडाचा हट्ट धरला. खोली ठरली, उद्या टेम्पो येणार होता.

"भाऊजी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा," वहिनीने विचारून पाहिले.

बायको सामान बांधण्यात गुंतल्यामुळे त्या दिवशी तपासणीला दादाच सोबत गेला. डॉक्टरांनी समाधान व्यक्त केले. दोघे बाहेर पडतात तोच अतिदक्षता विभागातील परिचारिका समोरून आली नि थबकली.

"अगंबाई, नळीवाले! चालताय की! आणि दादा, तुमची मनगटं काय म्हणतात?"

"त्याच्या मनगटांना काय धाड भरलीय?" वेल्डरच्या तोंडून निसटले. "दाबली माझी. त्यानं. मी बघितलंय."

परिचारिकेचे हसू मावळले.

"दाबलीच," ती म्हणाली. "तुम्ही श्वासाची नळी उपटलीत. पुन्हा घालेपर्यंत आमचे प्राण कंठाशी आले. मग तुमचे हात पट्ट्यांनी बांधले, तर ओढून ओढून कातडी सोलून घेतलीत. हे म्हणाले, सिस्टर, पट्ट्या सोडा, मी धरतो. भेटीची वेळ संपेपर्यंत धरून बसायचे, यांचीच मनगटं सुजायची."

वेल्डरने प्रथमच भावाकडे सरळ पाहिले.

"बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, तुला आठवत नसेल ते बरं." दादा खाली पाहत पुटपुटला, "तेव्हा तू असा बघायचास माझ्याकडं! नळीमुळं आवाज फुटत नव्हता म्हणून, नाहीतर आपल्याच आईचा उद्धार केला असतास."

परिचारिका हसली. वेल्डरला हसू आले नाही.

जिन्यापाशी दादाने सवयीने त्याचे मनगट धरले मात्र, वेल्डरचे सर्वांग शहारले. त्याने हात हिसकावून घेतला. दादाचा हात तसाच अधांतरी राहिला.

"मला कळलंय रे," वेल्डर म्हणाला. "पण ह्या अंगाला अजून कळलेलं नाही. मनगट धरू नकोस."

"बरं."

"खांदा दे."

दादा निमूटपणे एक पायरी खाली उतरून पाठमोरा उभा राहिला. वेल्डरने आपणहून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूहळू सारा भार टाकला. दोघे काही पायऱ्या उतरले.

"टेम्पोवाल्याला काय सांगू?" दादाने मागे न पाहता विचारले.

"येऊ नको म्हणावं. आणि तू जरा दमानं उतर. पाय माझा मोडलाय, तुझा नाही."