सगळ्यांसमोर केलेली प्रार्थना

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. तुम्ही मला हार्मोनियम म्हणता. म्हणा बापडे! आवाजाने मी गोड असले तरी स्वभावाने तिखट आहे, आणि सध्या तर माझं डोकं चांगलंच तापलं आहे.

अफझलगंजच्या एका कारागिराने मला घडवलं. जालन्याहून नोकरीसाठी हैदराबादला आलेले हिम्मतराव साळवे मला रिक्षातून मांडीवर घेऊन मलकपेठेत आले. मराठी बोलणारी थोडी ख्रिस्ती कुटुंबं तिथे दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमत. मी आल्याशिवाय गाणं सुरूच होत नसे. "काय सूर आहे हो!" असं कुणी म्हटलं की मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

हिम्मतराव वारल्यावर मी त्यांच्या लेकीकडे, उषाकडे आले. उषा बँकेत नोकरी करते आणि सुरेख वाजवते. पण दरवर्षी थंडी पडली, दिवस लवकर मावळू लागला, की तिचं मन काळवंडून जायचं. गल्लीत नाताळचे तारे लागायचे, घरोघरी करंज्या तळल्या जायच्या, आणि ही भिंतीकडे तोंड करून पडायची. वेणी घालणंसुद्धा तिला जड व्हायचं. तिचा नवरा विवेक हाका मारून थकायचा. जानेवारी सरला की ती हळूहळू माणसांत यायची. हा आळस नव्हता, मित्रांनो. तिची बोटं माझ्यावर कशी पडतात ते मला कळतं. त्या दिवसांत त्यांत जीवच नसायचा.

गेल्या हिवाळ्यात तिने हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. शोभाला. शोभा तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"शोभे, नाताळ जवळ आला की मला काहीच नको वाटतं गं. गाणंही नको, देवही नको वाटतो. कुणाला बोलू नकोस हं."

"वेडी का तू? माझ्या पोटातच राहील," शोभा म्हणाली. दोघी माझ्या शेजारी बसून रडल्या. मला वाटलं, चला, उषाला आधार मिळाला.

पुढचा बुधवार आमच्याच घरी होता. उषा कशीबशी उठून वाजवायला बसली होती. प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि शोभाने मोठ्याने सुरुवात केली, "हे प्रभू, आमच्या उषाला गाणं नको वाटतं, तूही नको वाटतोस. तिच्या मनातला हा उदासीचा आत्मा काढून टाक. तिचा विश्वास वाढव!"

सगळे एका सुरात म्हणाले, "आमेन!"

अगं बाई, आमेन कसलं? केसाने गळा कापलास की तू! उषाचा हात माझ्या भात्यावर तसाच थिजला. मग चहाबरोबर सल्ले सुरू झाले. एक म्हणाली, उपास कर. दुसरी म्हणाली, प्रभूच्या जन्माच्या दिवसांत कसलं दुःख? उषा सगळ्यांना हसून हो म्हणाली आणि ते गेल्यावर तिने मला बंद केलं. त्यानंतर माझ्या अंगावर इस्त्रीचे कपडे साचले. मला त्याचाही राग आला, का खोटं बोलू? चूक शोभाची आणि शिक्षा मला?

शोभाचा फोन आला तेव्हा उषाने विचारलं, "का केलंस असं?"

"अगं, प्रार्थनाच केली ना? चहाड्या तर नाही केल्या!" शोभाला खरंच काही कळलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे अप्पाराव अण्णा आले. ते तेलुगू चर्चमध्ये जातात. उषाने त्यांच्यासमोरही तोंड फिरवलं. अण्णा खुर्ची ओढून बसले.

"माझी बायको गेली, अम्मा, तेव्हा मी दोन वर्षं चर्चमध्ये गायलो नाही. मागे बसून नुसता रडायचो. देवाने हाकललं नाही मला."

"माझा विश्वासच कमी आहे अण्णा. सगळे तेच म्हणतात."

"नक्को अम्मा, असं नक्को बोलू. बायबलात लाजर मेला तेव्हा त्याची बहीण मरीया रडत होती. येशूने तिला विश्वास वाढव म्हटलं का? तो स्वतःच रडला. तिकडे कोठी भागात माझ्या ओळखीचे मनाचे डॉक्टर आहेत. चष्मा लावतो तसं औषध घ्यायचं, त्यात काय?"

निघताना त्यांनी विचारलं, "प्रार्थना करू का? मनातच करतो." उषाने मान हलवली. ते थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि गेले. काय मागितलं ते मलासुद्धा कळलं नाही. उषा मात्र उठून बसली, आणि विवेकबरोबर कोठीला जाऊन आली.

औषधाने ती लगेच खुलली असं नाही. पण यंदाची थंडी सुरू झाल्यावर तिने माझ्यावरचे कपडे उचलले. नाताळच्या आदल्या दिवशी दारात शोभा आली, हातात करंज्यांचा डबा. उषाने तिला आत घेतलं.

"उषा, आपण दोघी प्रार्थना करू या?" शोभाने विचारलं.

"आज नको. नुसती बस," उषा म्हणाली.

शोभा बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती एक शब्द बोलली नाही. उषाने माझा भाता ओढला आणि हळू वाजवायला लागली.

मित्रांनो, उषाने तिला दार उघडलं. मला अजून ते जमलेलं नाही, मी पडले हट्टी. तुमच्याकडे पेटी असेल तर तिच्यावर कपडे टाकू नका, एवढं ऐका. आणि कुणी रडत तुमच्या कानात काही सांगितलं, तर देवाला जरूर सांगा, पण ओठ मिटून सांगा.