सगळ्यात खालचं पान

थोरलीने चित्रापुढे उभं राहिल्या राहिल्या आधी खाली बघितलं. सवयच होती तिची. झाड शेंड्याकडून बघायचं नसतं, जिथून फुटतं तिथून बघत वर जायचं असतं. खोडावरचं सगळ्यात खालचं पान उलटं होतं.

चित्र भिंतभर होतं. करड्या पार्श्वभूमीवर एकच झाड, माणसाहून उंच. सगळी पानं समोर तोंड करून, आणि बुडाशी डावीकडचं एक पान मधोमध मुडपून पाठ दाखवणारं. पाठीवरच्या शिरा ठसठशीत होत्या. शिरांवरची लव बारीक पांढऱ्या टिंबांनी काढली होती. उजेड डाव्या अंगाने वरून येत होता. थोरली स्वतःच्या चित्रांतही उजेड नेहमी तिकडूनच घ्यायची.

"आपल्याकडच्या पुस्तकांत असतं तसलंच वाटतंय," तिचे यजमान म्हणाले. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झाले होते आणि चित्रांच्या वाटेला फारसे जात नसत. "फक्त मोठं केलंय."

"हं."

"पण चांगलंच मोठं केलंय हो."

चित्राशेजारच्या पाटीवर तिच्या धाकट्या जावेचं नाव होतं. थोरलीने पाटी खालपर्यंत वाचली. बाकी फक्त लांबी, रुंदी आणि रंगांचा प्रकार होता.

धाकटीच्या नवऱ्याने पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या कोट आणि रुमाल टाकून अडवून ठेवल्या होत्या. वहिनी, इकडे, असं तो हात उंचावून सांगत होता. तो दातांचा डॉक्टर होता आणि बायकोचं कौतुक करताना त्याचा आवाज दवाखान्यातल्यासारखा मऊ राहत नसे. त्या दिवशीचा कार्यक्रम असा होता की चार कलाकार एकेका कलाकृतीपाशी उभे राहणार, आणि तिच्यामागे काय आहे ते सांगणार. आपलीला मुद्दाम शेवटी ठेवलंय, असं तो यजमानांना दोनदा म्हणाला.

थोरलीही चित्रंच काढायची, पण तिला कुणी कलाकार म्हणत नसे. वनस्पतींचा संग्रह असलेल्या एका संस्थेत ती नोकरीला होती. तिथे दाबून वाळवलेली झाडं जाड कागदांवर चिकटवून कपाटांत ठेवलेली असत. नवी जात नोंदवायची झाली की शास्त्रज्ञ तो कागद तिच्या टेबलावर आणून ठेवायचा आणि ती भिंगाखाली बघून त्या झाडाचं चित्र काढायची. चपटं झालेलं फूल पुन्हा फुगीर करायचं, किड्याने खाल्लेलं पान दुसऱ्या पानावरून पुरं करायचं, आणि तरी आपल्या मनाचं काही घालायचं नाही. ग्रंथ छापून आले की आत झाडांची नावं असायची, शास्त्रज्ञांची असायची. तिचं नाव आभारात, छपाईवाल्याच्या आधी. याचं तिला वाईट वाटत नसे. निदान तसं तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं.

या कामात एक रीत आहे. चित्रातलं एक तरी पान उलटं दाखवायचं, म्हणजे त्याची मागची बाजू कळते. कोणतं पान ते रीतीत नाही. थोरली नेहमी सगळ्यात खालचं घ्यायची. सुरुवातीच्या काळात एका शास्त्रज्ञाने तिला सांगितलं होतं की बुडाचं पान बऱ्याचदा इतरांसारखं नसतं, मधलं घेत जा. ती हो म्हणाली आणि खालचंच घेत राहिली. पुढे तो हे विसरला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. इतक्या वर्षांत तिने स्वतःच्या मर्जीने केलेली गोष्ट एवढीच.

गेल्या हिवाळ्यात धाकटीचं पाठीचं ऑपरेशन झालं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना चढायला मनाई, म्हणून ती थोरलीकडे राहायला आली. थोरली संस्थेची परवानगी घेऊन घरीच काम करत होती. धाकटी पाठीला पट्टा बांधून समोरच्या खुर्चीत ताठ बसायची आणि बघत राहायची. जुने ग्रंथ एकेक करून मांडीवर घ्यायची. मध्येच विचारायची. टाक असा आडवा का धरता? फळ कापूनच का दाखवता? आणि एकदा, ताई, हे पान उलटं का?

"मागची बाजू दिसावी म्हणून," थोरली म्हणाली होती.

"सगळ्यांत असतं?"

"रीत आहे ती."

धाकटीने मग पुढचं काही विचारलं नव्हतं. ग्रंथाची पानं मात्र पुन्हा पहिल्यापासून चाळली होती. थोरलीला ते दिवस आवडले होते. आपल्या हाताकडे कुणीतरी इतका वेळ बघतंय याने तिची रेघ सुधारली होती, असं तिला तेव्हा वाटलं होतं. धाकटी जायला निघाली तेव्हा थोरलीने तिच्यासाठी स्वेटर विणून दिला होता. तिला आता तो स्वेटर आठवला आणि राग आला. बघत होती म्हणजे स्वतःचं काम करत होती ती.

पहिल्या कलाकाराने मोडक्या खुर्च्या एकात एक अडकवून छतापर्यंत नेल्या होत्या. त्याने सांगितलं की या माझ्या बदललेल्या नोकऱ्या आहेत. यजमानांनी हळूच विचारलं, म्हणजे एकीवरही धड बसू दिलं नाही का याला? थोरलीला हसू आलं नाही. दुसऱ्या बाईंनी स्वतःच्या छातीच्या एक्स-रेवर भरतकाम केलं होतं. तिसऱ्याने एका रिकाम्या खोलीचा फोटो काढला होता आणि त्याबद्दल तो इतका वेळ बोलला की खोली भरली असती. लोक टाळ्या वाजवत होते. थोरली टाळ्यांचं मोजमाप करत होती आणि आपण ते करतोय हे तिला कळत होतं.

मग धाकटी उठली. अजून थोडी वाकूनच चालत होती. काळा साधा पोशाख, केस मागे बांधलेले. चित्रापाशी जाऊन तिनेही आधी खाली बघितलं.

आजारपणात मी एका घरी राहिले होते, असं तिने सुरू केलं. तिथे रोज झाडांची चित्रं बघितली. ती चित्रं काही सांगत नाहीत, फक्त दाखवतात असं मला आधी वाटायचं. मग तिने त्या पानाकडे हात केला. माईकवर तिचा आवाज नेहमीपेक्षा खालचा येत होता.

"हे पान सगळ्यात आधी आलेलं असतं," ती म्हणाली. "ते येतं तेव्हा सगळा उजेड त्याचा. मग वर दुसरी येतात. त्यांना वाढवायला खालच्यानेच पोसलेलं असतं. आणि ती वाढली की हे सावलीत जातं. कुणी मुद्दाम करत नाही ते. झाड तसंच वाढतं. मला वाटलं, अशा पानाने तोंड का दाखवावं? त्याने पाठ फिरवली आहे. पण रुसून नाही. त्याच्या पाठीवर जे आहे ते वरच्या कुणाकडे नाही, म्हणून."



थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिला पाच भावंडं होती आणि ती पहिली होती. या घरातही ती पहिली सून. दिराचं शिक्षण, त्याचा दवाखाना, याच धाकटीचं लग्न, सगळं तिच्या हातांखालून गेलं होतं. तिने बसल्या बसल्या खालच्या पानांचा सगळा हिशोब मांडून बघितला आणि तो चुकत नव्हता. ती इतकी वर्षं ते पान उलटं करत होती आणि का करत होती ते तिला ठाऊक नव्हतं. ते या बाईला एका हिवाळ्यात कळलं. पाटीवर नाव लागलं, भिंतभर चित्र लागलं, त्याचं तिला एवढं काही नव्हतं. पण स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टीचा अर्थ आपल्या आधी दुसरीला कळावा, आणि तो तिने माईकवरून सांगावा, हे तिच्या घशाखाली उतरेना.

कार्यक्रम चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, हे उलटं पान सुचलं कसं?

"ते मला सुचलेलं नाही," धाकटी म्हणाली. "ज्यांचं आहे त्या इथे आल्यात. माझ्या मोठ्या जाऊबाई. ताई, तुम्ही सांगता का?"

माणसं वळून बघू लागली. दिराने तर उठून तिला वाट करून दिली. थोरली चित्रापाशी गेली. माईक तिच्या हातात आला, तो धाकटीच्या हाताने गरम झालेला होता. समोर खुर्च्यांमधून चेहरे होते आणि सगळे तिच्याकडे वळले होते. असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

ती सांगू शकली असती. खालचंच पान मी घेते, बाकीचे मधलं घेतात, मला घेऊ नको म्हटलं होतं तरी घेते, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मग धाकटी म्हणाली ते खरं ठरलं असतं. थोरलीला त्या क्षणी ते खोटं ठरायला हवं होतं. या भिंतभर चित्रातली हवा निघून ते पुन्हा पुस्तकाच्या पानाएवढं व्हायला हवं होतं.

"त्यात तसं काही नाही," ती म्हणाली. "पानाची मागची बाजू दिसावी म्हणून ते उलटं काढतात. तिथे लव असते, शिरा असतात. सगळेच काढतात. रीत आहे ती."

 मग कुणीतरी हसलं, आणि ते हसणं चांगलं होतं, प्रेमळ होतं. टाळ्या सुरू झाल्या. आतापर्यंतच्या सगळ्यांत मोठ्या. खुर्च्यावाला तर मान हलवत होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईक परत घेतला आणि ते वाक्य सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, पुन्हा म्हटलं. "मागची बाजू दिसावी म्हणून." याहून नेमकं या चित्राबद्दल कोण सांगणार, असं त्या म्हणाल्या. हे आपण पाटीवर घालू या का, असं त्यांनी धाकटीला विचारलं.

थोरली खुर्चीकडे परतली. चित्रातली हवा काढायला म्हणून तिने जी टाचणी काढली होती, तिचाही चित्राला दागिना झाला होता.

"छान बोललीस," यजमान म्हणाले. "थोडक्यात आणि मुद्द्याचं."

"गप्प बसा."

नंतर चहाच्या टेबलापाशी धाकटीला लोकांनी घेरलं होतं. एक मुलाखत घेणारी मुलगी, कुणी संग्राहक, दाताचे दोन पेशंट. त्यांतून वाट काढत ती थोरलीकडे आली. तिने अंगावर तोच स्वेटर घातला होता, गार लागलं असावं.

"ताई, रागावलात?"

"कशाबद्दल?"

धाकटीने कपातल्या चहाकडे बघितलं. "मला वाटलं होतं तुम्ही सांगाल. म्हणून तर बोलावलं पुढे. मी नुसतीच जागा धरून ठेवली होती."

"सांगितलं की मी."

"रीत उलट्या पानाची आहे, ताई. खालच्या पानाची नाही. मी दुसऱ्यांचे ग्रंथही बघून आले मुद्दाम. कुणाचंच खालचं नसतं."

म्हणजे तिने तेही बघितलं होतं. ज्यांच्यासाठी ती चित्रं काढली त्या शास्त्रज्ञांनी बघितलं नव्हतं, घरातल्या माणसांनी बघितलं नव्हतं. हिने बघितलं. थोरलीला वाटलं, जगात आपली चित्रं नीट बघितलेलं एकच माणूस आहे आणि आपल्याला ते डोळ्यांसमोर नको आहे.

"सवय असते हाताला," ती म्हणाली. "त्यात काय एवढं." आणि स्वेटरची कॉलर मागे दुमडली होती ती तिने सरळ केली, कारण ती वाईट दिसत होती आणि स्वेटर तिने विणलेला होता.

सोमवारी टेबलावर नवा कागद आलेला होता. डोंगराच्या कड्यावरून आणलेलं लहानसं झाड, वाळून तपकिरी झालेलं, अजून नाव नसलेलं. थोरलीने भिंग ओढलं, दिव्याची मान वाकवली आणि पेन्सिलीने खालून सुरुवात केली. हात आपोआप चालला. मुळाचं टोक, खोड, पहिलं पेर, आणि तिथे डावीकडे मधोमध मुडपलेलं पान, त्याची पाठ, तिच्यावरची मुख्य शीर.

तिथे ती थांबली. टाक शाईत बुडवून बराच वेळ तसाच धरला, मग पुसून खाली ठेवला. खोडरबर घेतलं. ते पान तिने हलक्या हाताने, कागदाचे तंतू न उचलता, पूर्ण पुसलं आणि त्याच जागी सरळ पान काढलं, बाकीच्यांसारखं, समोर तोंड केलेलं. उलटं तिने मधलं घेतलं.

दुपारी शास्त्रज्ञ येऊन बघून गेला. नेहमीसारखा तो फुलापाशी थांबला, पाकळ्या मोजल्या, ठीक आहे म्हणाला.

थोरलीने शाई सुरू केली. दिवा तिरका होता. त्या उजेडात खालच्या पानाच्या जागी पेन्सिलीची जुनी खाच अजून दिसत होती, मुडपलेल्या कडेची. तिच्यावरून जाताना टाक किंचित अडखळला. मग रेघ पुढे गेली.