बावीस मीटर

वर्गाच्या मॉनिटरने मागच्या भिंतीवरच्या आलेखात आजचा ठिपका मांडला, तोही आधीच्या तीन दिवसांच्याच रांगेत, आणि पट्टी लावून रेघ ओढली.

"बाई, आजपण बावीस! समुद्राला कंटाळा आलाय वाटतं."

वर्ग खदखदून हसला. गणिताच्या बाई हसल्या नाहीत. तसं त्यात नवल नव्हतं, त्यांना हसताना पाहिलेली बॅच केव्हाच पास होऊन गेली होती. पण आज त्या फळ्याकडे वळायचं सोडून त्या सरळ रेघेकडे बघत राहिल्या.

शिडाच्या होडीतून एकटीने महासागर ओलांडायला निघालेली भिंगरी ही बाईंचीच मुलगी. समुद्रसंशोधन संस्थेने तिला उपकरणं दिली होती, आणि शाळेने एक पांढरी तबकडी. ती याच वर्गाने रंगवली होती. रोज तिथल्या दुपारी, म्हणजे आपल्याकडे पहाटे, भिंगरीने ती दोराला बांधून पाण्यात सोडायची, किती खोलवर दिसेनाशी होते ते बघायचं आणि आकडा संस्थेला कळवायचा. पाणी किती नितळ आहे ते त्यावरून कळतं. संस्था तो आकडा शाळेला पाठवी. शिवाय दर मंगळवारी वर्गाने भिंगरीला एक प्रश्न विचारायचा, असं ठरलं होतं.

बाईंनी आजवर एकही प्रश्न सुचवला नव्हता. या सफरीला त्यांचा पहिल्यापासून विरोध. भिंगरी निघाली त्या दिवशी त्या धक्क्यावर गेल्या नाहीत, शाळेत येऊन त्यांनी अपूर्णांक शिकवले. "बोलायचं ते परत आल्यावर," एवढंच म्हणाल्या होत्या. लेकही आईच्याच वळणाची. सत्तेचाळीस दिवस झाले, दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नव्हती.

मधल्या सुट्टीत संस्थेतल्या संशोधक बाईंचा फोन आला.

"मॅडम, चार दिवस एकच आकडा येतोय. असं होत नाही हो. ती न मोजताच लिहितेय बहुतेक. मी विचारलं, तर म्हणते सगळं ठीक आहे. हे आकडे मला काढून टाकावे लागतील. मुलांना काय सांगायचं ते तुम्ही बघा."

"ती कामचुकार नाही," बाई म्हणाल्या. आपला आवाज चढलाय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

फोन ठेवून त्या स्टाफरूममध्ये बसून राहिल्या. चहावर साय धरली. भिंगरी आठ वर्षांची असताना याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होती. आठवडाभर रोज दुपारी काठीची सावली मोजायचा गृहपाठ होता. तिच्या वहीत शेवटचे तीन दिवस कोरे होते. बाईंच्या वर्गात कोऱ्या जागेला क्षमा नसे, आणि पोटच्या पोरीला सवलत दिली तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून तिला तासभर उभं केलं. घरी नेताना हात धरला, तर चटका बसला. पोरगी तीन दिवस ताप अंगावर काढत होती. त्यानंतर तिने वहीत कधीही कोरी जागा सोडली नाही. बाईंना तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

आणि आज एवढ्या पाण्यात ती एकटी, आणि तिला काय झालंय ते ती कुणालाच सांगणार नव्हती.

सुट्टीनंतर त्या वर्गात आल्या. मंगळवारच होता.

"आजचा प्रश्न मी देते. लिही," त्या मॉनिटरला म्हणाल्या. "गणिताच्या बाईंच्या वर्गात आता कोरी जागा चालते."

मॉनिटरने लिहिलं, मग मान वर केली. "बाई, पण हा प्रश्न नाहीये."

"माहीत आहे. तसंच पाठव."

दुसऱ्या दिवशी पहिला तास संपता संपता फोन वाजला.

"आकडा नाही आला," संशोधक बाई म्हणाल्या. "पण निरोप आलाय, वाचते. 'आज मोजलं नाही. आधीचे चारही आकडे खोटे होते, सॉरी. दोरात अडकून उजवं मनगट सुजलंय, तबकडी वर ओढवत नाही. आईला सांगा.' आमचे डॉक्टर बोललेत तिच्याशी. बोटं हलताहेत, पट्टी बांधून आठवडाभर बघू म्हणतात. नाहीतर तिला जवळच्या बंदरात उतरवता येईल. तुमचं काय मत?"

इतके दिवस बाई याच प्रश्नाची वाट बघत होत्या. उत्तरही तयार होतं. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"डॉक्टर म्हणतील तसं. आणि तिला विचारा," त्या म्हणाल्या. "खरं सांगेल ती आता."

वर्गात जाऊन त्यांनी खोडरबर घेतलं आणि ते चार ठिपके स्वतः पुसले. कागदावर डाग राहिला.

"बाई, आजचं काय मांडू?" मॉनिटरने विचारलं.

"फक्त तारीख टाक."

पोरं काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दुसऱ्या दिवशी अकरा वह्यांत गृहपाठाची जागा कोरी निघाली. बाईंनी वह्यांचा गठ्ठा बाजूला सरकवला, पहिल्या मुलीला टेबलाशी बोलावलं आणि तिच्या कपाळाला हात लावला.

"काय झालं होतं गं?"