यादीतून राहिलेली मावशी

कराडच्या मंडईमागं हाफिजचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. कॅमेरा तो धरायचा आणि आणलेलं सगळं कापून-जोडून लग्नाची फिल्म करायची त्याची बायको शमशाद. अकरा वर्षं हे चाललं होतं. रोज दुपारी जेवण झालं की हाफिज तिच्याशेजारी येऊन बसायचा आणि झालेलं लग्न तिला सांगायचा. कोण रुसलं होतं, कोण रडलं, कुणाला पंगतीत मान मिळाला न्हाई. तिचा हात माउसवर आणि कान त्याच्याकडं.

मग धाकट्या दिराचं, अजहरचं लग्न झालं आणि अर्फा घरात आली. कॉम्प्युटर शिकलेली, बोलायला गोड. दोन महिन्यांत तीही स्टुडिओत बसायला लागली. तोवर शमशादला बरंच वाटत होतं, जावेची सोबत झाली म्हणून.

एके दिवशी अर्फा म्हणाली, "भाईजान, आपल्या सॉफ्टवेअरला एआय असिस्टंट जोडता येतो. मग शोधत बसायला नको. काय पायजे ते नुसतं लिहायचं. तो सॉफ्टवेअरकडनं करून घेतो."

तिनं जोडणी केली आणि लिहिलं, 'हळदीत नवरी जिथं जिथं हसतेय तेवढे तुकडे काढ.' पडद्यावर लाल अक्षरं आली. काम झालं न्हाई. शमशाद मनातल्या मनात हसली.

"हां, कळलं," अर्फा म्हणाली. "ह्याला मी फक्त बघायची परवानगी दिली हाय. कापायची दिलीच न्हाई."

तिनं ती दिली. चहा होईपर्यंत सव्वीस तुकडे ओळीनं लागून तयार.

"लयच भारी!" हाफिज उठून उभाच राहिला. "शमशाद, बघितलंस का? तुला ह्याला दोन दिस लागायचे."

त्याच्या मनात काही नव्हतं, पण ते तिला झोंबलं. "त्यातल्या एकात ती शिंकतीय," शमशाद म्हणाली.

"मग तेवढं काढू की," असं म्हणून हाफिज पुन्हा पडद्याकडं वळला.

त्या दिवसापासून दुपारी त्याची खुर्ची अर्फाच्या टेबलापाशी लागली. लग्नातल्या गोष्टी आता अर्फाला सांगितल्या जायच्या, कारण असिस्टंटला काय लिहायचं हे तिला कळायला हवं. कारण खरं होतं, म्हणून तर शमशादला ते जास्त लागलं. भांडायलाही जागा नव्हती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिच्या डोक्यात एकच चालायचं. हिचं काय चुकतंय? कवा चुकणार ही?

मग वडूजचं लग्न आलं. नवरी मयूरी. ती चार वर्षांची असताना आई वारलेली. शरयूमावशीनं तिला वाढवलं. मावशी विधवा, म्हणून मांडवात पुढं यायला तयार न्हाई, सगळा वेळ मागंच होती. वडूजहून आल्या आल्या हाफिजनं हे शमशादला सांगितलं होतं. तेवढं एक तिच्या वाट्याला आलं होतं.

"भाभी," अर्फा म्हणाली, "असिस्टंटला महत्त्वाचे चेहरे दाखवायला लागतात. तेवढ्यांचेच तुकडे तो निवडतो. तुमाला माणसं बरोबर कळतात. यादी करून द्या की."

शमशादनं सगळं शूटिंग बघून चौदा नावं आणि कोण कुठं दिसतं ते लिहिलं. नवरीचे वडील मधुकरराव, चुलते, मामा, मैत्रिणी. मावशीचं नाव लिहायच्या जागी पेन थांबलं. तिथं तिनं एका लांबच्या भावाचं नाव घातलं आणि कागद देऊन टाकला.

आठवड्यानं मयूरी आणि मधुकरराव फिल्म बघायला आले. हाफिजनं खुर्च्या पुढं घेतल्या. मयूरी हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. फिल्म संपली तशी ती म्हणाली, "दादा, शरयूमावशी कुठाय?"

हाफिजनं फिल्म भराभर मागं नेऊन बघितली.

"एकदाबी न्हाई?" मयूरीचा आवाज बारीक झाला. "तिला काय सांगू मी?"

हाफिज अर्फाकडं वळला. "काय केलंस हे? मशीनवर सोडून मोकळी झालीस व्हय?"

हेच वाक्य ऐकायला शमशाद इतके दिवस तळमळत होती. अर्फानं एकदाच तिच्याकडं बघितलं. अर्फाला कळलं होतं, नाव यादीतूनच गाळलं होतं. तरी ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं, भाईजान."

शमशादला वाटलं होतं, आता जीव थंड होईल. उलट अंगाची आग झाली. ही पोरगी गप्प बसण्यातही आपल्यापेक्षा वरचढ निघाली! ते तिला सोसवलं न्हाई.

"तिचं न्हाई चुकलं," ती म्हणाली. "यादी मी केली. मावशी मला ठाऊक होती. मीच नाव गाळलं."

मधुकरराव उठले. मयूरी दारात थांबली. "परवापर्यंत नीट करून द्या," एवढंच म्हणून गेली.

"का केलंस?" हाफिजनं विचारलं.

"तुमी माझ्यापाशी बसायचं सोडलंत." बोलताना तिचं तिलाच ते केवढंसं वाटलं.

अर्फा मात्र आता चिडली. "राग माझा आला होता ना, भाभी? माझ्यावर काढायचा. त्या मावशीनं तुमचं काय केलं होतं?"

शमशाद अर्फाच्या टेबलापाशी गेली आणि वडूजचं शूटिंग उघडलं. मावशी कुठं दिसली होती ते तिला पाठ होतं. अक्षता टाकणाऱ्या बायकांच्या मागं, करड्या लुगड्यात. तिनं तो चेहरा दाखवला. अर्फानं घुश्शातच असिस्टंटला सांगितलं, 'ही बाई जिथं जिथं आहे तिथले सगळे तुकडे काढ.'

एकोणीस आले. त्यातला एक शमशादनं कधी बघितलाच नव्हता. सगळे फोटोत गुंतलेले असताना मावशी मागनं येऊन नवरीच्या शालूच्या निऱ्या नीट करते आणि कुणी बघायच्या आत बाजूला होते. अकरा वर्षांच्या नजरेतून हे निसटलं होतं आणि असिस्टंटला सापडलं होतं. ते शमशादला पुन्हा झोंबलं.

असिस्टंटनं तो तुकडा फोटोंच्या मध्ये ठेवला होता. शमशादनं तो उचलून पाठवणीच्या अगदी आधी आणला. दोघींनी एकदा लावून बघितलं.

"मला हे सुचलं नसतं," अर्फा म्हणाली. तिचा राग पुरता गेला नव्हता, पण ती खरं बोलत होती.

शमशादला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"सरक जरा," ती म्हणाली. "पुढचं मला लिहू दे. कुठं लिहायचं ते दाखव."

अर्फानं खुर्ची थोडी बाजूला घेतली. फार न्हाई, थोडीच. शमशाद एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायला लागली.