आज्याची फील्ड टेस्ट

माझा आजा, रघु, म्हणजे मानपाड्याच्या टेनिस बॉल टुर्नामेंटचा परमनंट अंपायर. होता. मागच्या वर्षी बाजूने आलेला थ्रो त्याला दिसलाच नाही आणि ढळढळीत रनआउट त्याने नॉटआउट दिला. झालं! कमिटीचे आबा बोलले, "रघु, तुला स्टेंट हाय. आता घरी बस."

स्टेंट आहे, पण डोळ्यात! आज्याला काचबिंदू आहे. पाच वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढतानाच डॉक्टरांनी एक इवलीशी नळी बसवलेली, डोळ्याच्या आतलं पाणी वाहतं राहावं आणि प्रेशर वाढू नये म्हणून. पण गावाला स्टेंट म्हणजे हार्टच. लोक त्याला पायरीसुद्धा हात धरून चढवतात.

यंदा फायनलच्या आधी आजा कमिटीसमोर गरजला, "शनिवारी ठाण्याला माझी फील्ड टेस्ट हाय. पास झालो तर मीच उभा राहणार!"

कमिटीला वाटलं, ठाण्यात अंपायर लोकांची परीक्षा असते. आबा एकदम इम्प्रेस. मी कसंबसं हसू दाबलं.

खरी फील्ड टेस्ट म्हणजे काय, तर मशीनमध्ये हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं आणि कडेला कुठेही लाइट चमकला की बटण दाबायचं. आजा दर वर्षी देतो. पण यंदा टेन्शन एवढं, की लाइट दिसला की हा बटण सोडून थेट बोट वर!

"बाबा, बटण दाबा ना," मशीनवरची ताई वैतागली.

"आउट हाय तर बटण कशाला?"

परत पहिल्यापासून. तोवर डॉक्टरीणबाईंनी माझेही डोळे तपासले. घरात काचबिंदू असला की नातवंडांचेही बघायचे म्हणे.

मग निकाल. "नळी मस्त काम करतेय. प्रेशर पाच वर्षं ताब्यात आहे, तीन ड्रॉप्सच्या जागी एकच पुरतोय. फील्ड, म्हणजे नजरेचा घेर, जसं होतं तसंच आहे."

"म्हंजे पास?"

"समोरचं छान दिसतंय, बाबा. पण बाजूचं जे आधीच गेलंय, ते परत नाही येणार."

रिक्षात आज्याने आपली जुनी अंपायरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी बोलले, "आजा, समोरचं तू बघ. बाजूचं मी बघते."

फायनलला आजा स्टंपमागे आणि लेगला, बाजूच्या अंपायरच्या जागी, मी, त्याची जुनी टोपी घालून.

आबा ओरडले, "अरे रघु, ही पोर कशाला?"

"पास झालोय मी," आजा बोलला, "आणि ती माझी बाजू हाय."

दुसऱ्याच ओव्हरला थ्रो आला. आबांचा नातू दिपेश क्रीजच्या वीतभर बाहेर. आज्याने माझ्याकडे बघितलं. माझं बोट वर!

"ए कल्पिता, डोळे तपासून घे!" दिपेश चिडला.

"घेतलेत रे," मी ओरडले, "शनिवारीच, ठाण्याला!"