शाळूचा घास

दुष्काळाचं वर्ष होतं. सगळं सोलापूर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळत होतं आणि मी चिंध्यांची चित्रं शिवत बसले होते. अक्कल गहाण टाकलीय हिनं, असं माझ्या सासूबाईंचं मत. त्यांना आम्ही अत्ती म्हणायचो.

चनबसप्पा शिंप्याकडची कातरणं आणून मी हातभर गोधड्या करायची. पांघरायच्या नव्हेत, बघायच्या. या खेपेला आमच्या गल्लीत विणकर वाळत घालतात त्या रंगीत सुताचं चित्र केलं होतं. लाल, हिरव्या, जांभळ्या पट्ट्या, आणि खाली कोपऱ्यात एक बोकड. महिला मंडळाच्या प्रदर्शनात ती भिंतीवर लागावी, एवढीच हौस. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण 'हे शांताचं' म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं.

"हिच्यात लेकराचा पाय तरी झाकंल का गं?" अत्ती म्हणाल्या. "का भितीला थंडी वाजती?"

मी रागाने टाका असा ओढला की दोराच तुटला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पेटीवरची गोधडी उचलली, तर कोपरा उंदराने कुरतडलेला. बोकडाची मागची तंगडी गायब! मी तिथेच बसकण मारली आणि भोकाड पसरलं.

तेवढ्यात भोकातून मांडीवर भाकरीचा चुरा सांडला. आमच्यात गोधडीचा शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा घास ठेवतात. गोधडी उपाशी, तर पांघरणारा उपाशी, म्हणतात. माझ्या चित्रांना मी कधी घास ठेवला नव्हता.

"अत्ती, घास तुमी ठेवला व्हय?"

"मग? चार लोकांत उपाशी धाडायची तिला?"

घासापायीच उंदीर आला म्हणून भांडायला तोंड उघडलं आणि चुऱ्याकडे नीट पाहिलं. तो पांढरा होता. शाळूच्या ज्वारीचा! घरात शाळू होता तो एका गाडग्यात, आजारपणासाठी राखलेला. स्वतः तापाने फणफणल्या तेव्हाही अत्तींनी त्याला हात लावला नव्हता. भांडण तिथंच राहिलं.

अत्तींनी जुन्या इरकलीच्या पदराचा लाल तुकडा काढला. बोकडाला लालभडक तंगडी बसली. शेवटचा टाका राहिला तेव्हा मी म्हटलं, "थांबा." आणि सकाळच्या मिलोच्या भाकरीचा कोर मोडून आणला.

"नगं गं, परत उंदीर यील की."

"येऊ दे. आपण खातो ते तीबी खाईल."

अत्ती हसल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुपारी गोधडी भिंतीवर लागली. मंडळाची पायरी कधी न चढलेल्या अत्ती तिच्याखाली ठाण मांडून बसल्या. कुणी विचारलं, "ही कुणाची हो?" की माझ्या आधी त्याच बोलायच्या.

"आमच्या शांताची हाय. जेवून आलीया."