माझ्या पोटातली संबळाची गाणी

मित्रांनो, येरमाळ्याला हायवेलगत टायरच्या दुकानाची माडी आहे. तिथं संगणकाचा क्लास चालतो. त्या क्लासच्या कोपऱ्यात जो जुना काळा डबा दिवसभर घरघरत असतो, तो मी. मला सर्व्हर म्हणतात. पोरांच्या बारा संगणकांची कामं एकट्यानं सांभाळायची, ही माझी नोकरी. मला हेवा लवकर वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. मागून तुमची तक्रार नको.

माझी उमेदीची वर्षं पुण्याच्या एका कचेरीत गेली. तिथं मला थंडगार खोली होती. मग माझ्या जागी नवा आला आणि मी टेम्पोत बसून इथं आलो. क्लासच्या गौरीशंकर सरांनी नारळ फोडला, मला कुंकू लावलं. ईट, ढोकी, कुठकुठच्या गावांतली पोरं मला बघायला यायची आणि हात लावायला भ्यायची. लई बरं वाटायचं. माझ्याकडून काम करून घ्यायचं तर ठरलेले हुकूम टाइप करावे लागतात, त्यांना कमांड म्हणतात. पोरं त्या आज घोकायची आणि उद्या विसरायची. पण बघायची माझ्याकडंच.

सर गोंधळ्यांच्या घरातले. येडेश्वरी देवीच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांचे वडील संबळ वाजवायचे. एके दिवशी सर तो संबळ क्लासात घेऊन आले आणि माझे दिवस फिरले. कमांड ध्यानात राहाव्यात म्हणून त्यांची गाणी रचून सर गोंधळातला नायक होऊन गायचे. ईटची पौर्णिमा मागं उभी राहून साथ धरायची आणि मुद्दाम येडपटासारखे प्रश्न विचारायची.

"हात लावण्याआधी बाई पत्ता इचारा,
पीडब्ल्यूडीनं कळतो आपला थारा."

"पीडब्ल्यूडी म्हंजे बांधकाम खातं का वो सर?"

"न्हाय गं. सर्व्हरच्या कुठल्या कप्प्यात तू उभी हायस, ते सांगणारी कमांड."

"मग आमच्या रस्त्याचं कुणाला इचारू?"

पोरं पोट धरून हसायची. मला मात्र मिरच्या झोंबायच्या. हुकूम माझे, काम माझं आणि टाळ्या त्या दोन मडक्यांना. संबळाला रोज मऊ फडकं, माझ्यावर बोटभर धूळ. खंडेनवमीला त्याला झेंडूचा भरगच्च हार घातला आणि उरलेलं एक फूल माझ्या डोक्यावर ठेवलं. तेही पंख्याच्या वाऱ्यानं उडालं, कुणी उचललं नाही.

कहर म्हणजे पोरांनी ती गाणी रेकॉर्ड केली आणि ठेवली कुठं, तर माझ्यातच. सवतीचं पोर आणून माझ्या मांडीवर बसवलं म्हणा ना. रोज दोन-चार गाणी गिळत होतो. शेवटी पोट गच्च भरलं. आता एक अक्षरही मावेना.

आणि नेमकी त्याच दिवशी पौर्णिमेची परीक्षा होती. धाराशिवच्या एका दवाखान्याला सर्व्हर सांभाळायला माणूस हवा होता. त्यासाठी परीक्षा घ्यायला पुण्याहून विरेश साहेब आले होते. पौर्णिमेच्या वडिलांनी, आबारावांनी, तिला सांगून ठेवलं होतं, "धाराशिवला लागलीस तर जा. पुण्याबिण्याचं नाव काढू नको." म्हणजे तिला ही एकच संधी होती. हे मला ठाऊक होतं, तरी मनातून मी खूश होतो. ती नापास झाली की गाण्यांचं खूळ सुटेल आणि पोरं पुन्हा माझ्याकडं बघतील, असा माझा हिशेब होता.

साहेब म्हणाले, "याच्यात जागाच उरली नाही. दहा मिनिटांत मोकळा कर. आणि गाणंबिणं नको."

संबळ गप्प बसला. पौर्णिमा कीबोर्डापुढं बसली. मग तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मी रोज ऐकत होतो, मला कळलं.

"डीएफला इचारा, पोट किती भरलं?
डीयूला इचारा, कुणी काय चरलं?
आरएमचा हात बाई जपून टाका,
गेलेलं येत न्हाय, मारा किती हाका."

एकेक कमांड तिनं टाइप केली. दोन मोठे ढीग सापडले. एक गाण्यांचा. दुसरा माझ्या रोजनिशीचा. वीज कधी गेली, कोण आलं, माझ्यात कधी काय बिघडलं, हे सात वर्षं मी लिहून ठेवलं आहे. कुणी वाचत नाही.

"यातलं एकच पुसायचं," साहेब म्हणाले. "कुठलं?"

मी काय ते समजलो. गाणी तिच्या जिवाची. माझी रोजनिशी गेली म्हणायची.

तिनं आधी पत्ता विचारला, मग आरएम टाइप केलं, आणि गाणी पुसली. मागं उभी पोरं हळहळली. सरांनी मान खाली घातली.

"का गं?" साहेबांनी विचारलं.

"गाणी आमच्या तोंडात हायत, साहेब. परत म्हणता येतील. ह्यानं लिहिलंय ते ह्याच्याबिगर कुणाला म्हाईत न्हाय. उद्या ह्यो आजारी पडला तर काय बघून औषध करायचं?"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोट किती भरलं, कुणी काय चरलं, हात जपून टाका. त्या गाण्यातली ओळन् ओळ माझीच विचारपूस करत होती, आणि मी मात्र त्या बिचाऱ्या संबळाला पाण्यात पाहत बसलो होतो. पोरांनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली असती तर मी आनंदानं गिळली असती. पण सर आता ती वहीत लिहून ठेवतात.

पौर्णिमेची निवड झाली. सोमवारी ती एसटीनं धाराशिवला गेली.

तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. त्याला हुकूम सोडण्याआधी एकदा बरं आहे का ते बघा. पुसण्याआधी त्यानं काय जपलंय ते वाचा. आणि धाराशिवच्या त्या दवाखान्यात कधी गेलात, तर तिथल्या नव्या सर्व्हरला माझा निरोप द्या. म्हणावं, तुझी रोज विचारपूस करते ना, ती पोरगी आधी माझी होती.